माईंच्या कणकेच्या गोळ्या

"भाऊ! ओ भाऊ! जल्दी या! सगळे वर आलेत, सगळे! तोंडं वासून पडलेत!"

शेजारचे वकीलसाहेब कुंपणाच्या भिंतीवरून ओरडत होते. वकीलसाहेब उलटतपासणीला उभे राहिले की कचेरीबाहेर झाडाखाली बसलेले टायपिस्ट हात थांबवतात, असं आमच्या कॉलनीत लोक म्हणत. लोक म्हणजे मीच. पण त्या सकाळी तो आवाज चिरकला होता. मी एका गालावर दाढीचा साबण तसाच ठेवून धावलो. पायात एक चप्पल माझी, एक बायकोची.

जाऊन पाहतो तर त्यांच्या बागेतल्या तळ्याचं पाणी काचेसारखं नितळ. तळाशी पडलेली सुई वरून दिसेल आणि तिच्यात दोराही ओवता येईल, इतकं नितळ. आणि त्या पाण्यात वकीलसाहेबांचे अकराच्या अकरा जपानी मासे अगदी वर येऊन हवा गिळत होते. चोची उघडून बसलेल्या पिल्लांसारखी त्यांची तोंडं उघडत होती, मिटत होती. एक मासा कुशीवर कलला होता. पांढराशुभ्र, आणि कपाळावर बरोब्बर मधोमध तांबडा टिळा.

काठावर माई उभ्या होत्या. वकीलसाहेबांच्या आई, ब्याऐंशी वर्षांच्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्टीलची वाटी. वाटीत कणकेच्या गोळ्या.

"पाच दिवसांपूर्वीच तर तुम्ही सगळं साफ केलंत, भाऊ," वकीलसाहेब म्हणाले. "पाणी बघा, गंगोत्रीला असतं तसं आहे. मग हे काय?"

यावर मी जे बोललो ते लिहायला मला बरीच वर्षं लागली आहेत, म्हणून आणखी थोडा वेळ लावतो. आधी मी कोण, ते सांगतो.

मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. वाफेच्या इंजिनांच्या काळात मुगलसरायला बॉयलरचं पाणी तपासायची एक खोली होती, तिथे मी नोकरी केली. ठिकठिकाणच्या विहिरींचं आणि टाक्यांचं पाणी बाटल्यांतून यायचं. त्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि वहीत त्यांची नोंद करायची, हे माझं काम. तपासणारे साहेब वेगळे. मी तीस वर्षांत एकाही बाटलीचं बूच काढलं नाही. एकदा काढलं होतं, तेव्हा आत पाणी नव्हतं, कुणीतरी मोहरीचं तेल पाठवलं होतं.

पण बनारसमध्ये पानाच्या दुकानावर "मी चिठ्ठ्या चिकटवत असे" असं सांगणाऱ्याला कोण उभं करणार? तिथे मी पाण्याचा परीक्षक झालो. मग हळूहळू मुख्य परीक्षक. आसनसोलपासून टुंडल्यापर्यंतची कुठलीही विहीर मी नुसत्या जिभेवरून ओळखतो, असं मी सांगत असे. एकदा तर एका मेलगाडीचं इंजिन सुटायच्या बेतात असताना मी त्याच्या पाण्याचा एक थेंब चाखला, हात वर केला आणि गाडी थांबवली. पाच मिनिटं उशीर झाला असता तर बॉयलर फुटून ड्रायव्हर थेट सारनाथला उतरला असता. आमच्या शहरात अशी कथा सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. सांगणाऱ्यानं सांगावं, ऐकणाऱ्यानं "वाह गुरु" म्हणावं, पान थुंकावं आणि घरी जावं. खरं कुणीच मानत नाही.

वकीलसाहेबांनी मानलं. आयुष्यभर साक्षीदारांना खोटं पाडणारा माणूस, त्यानं मला खरं मानलं. शेजारधर्म, दुसरं काय. शिवाय गल्लीत मराठी बोलणारी घरं दोनच, त्यांचं आणि माझं.

आता तळ्याचं. ते तळं हौसेचं नव्हतं. माई लग्न होऊन राजा घाटाच्या वरच्या गल्लीत आल्या, तेव्हा त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. तेव्हापासून रोज सकाळी अंघोळ झाली की त्या पदराखाली वाटी घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरत आणि गंगेतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालत. साठ वर्षांत खंड पडला असेल तो बाळंतपणांत. पूर आला की घाट बुडे, तेव्हा त्या जी पायरी शेवटची उरली असेल तिच्यावरून घालत. पुढे खुब्याचं हाड मोडलं. पायऱ्या संपल्या. मुलानं कॉलनीत घर बांधलं होतं, तिथे आल्या. पहिले सहा महिने त्या रोज सकाळी कणीक भिजवत, गोळ्या वळत आणि वाटी ओट्यावर ठेवून बसत. वाटी दुपारी गायीला जाई.

वकीलसाहेबांना ते बघवेना. त्यांनी बागेत तळं खोदलं, कंबरभर खोल, जेमतेम दोन खाटांएवढं. कलकत्त्याहून मासे मागवले. ते प्लास्टिकच्या फुगवलेल्या पिशव्यांतून रेल्वेनं आले. ते उतरवून घ्यायला स्टेशनवर मी गेलो होतो. पानाच्या दुकानावर पुढे त्या पिशव्यांचे पिंप झाले आणि मासे रेडकाएवढे, पण खरं सांगायचं तर ते बोटभर होते. दीड वर्षात वीतभर झाले. माई काठावर स्टूल टाकून बसत आणि गोळी पाण्याजवळ धरत. टिळेवाला सर्वांत आधी येई आणि त्यांच्या बोटांतून गोळी घेई. माईंना दात नव्हते, त्यालाही नसावेत, कारण दोघं एकमेकांकडे बघून सारखंच तोंड हलवत.

त्या जेठ महिन्यात पाणी हिरवं झालं. साधंसुधं नव्हे, भांगेच्या ठंडाईसारखं हिरवं. वासही यायला लागला. वकीलसाहेब भिंतीपाशी आले. "भाऊ, तुम्ही पाण्याचे जाणकार. जरा बघाल का?"

तेव्हा नाही म्हणता आलं असतं. बायको मागे उभी होती, तिनं हळूच म्हटलंसुद्धा, "अहो, आपल्या मोरीचा नळ गळतोय दोन महिने, तो आधी बघा." पण मला जाणकार म्हटलं होतं. मी गेलो. ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं, डोळे मिटले, थुंकलो.

"जडपणा आहे," मी म्हणालो.

कसला जडपणा, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही ते पहिल्यांदाच कळलं असतं.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. बनारसमध्ये आम्हाला दक्षिणी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या इथले लोक म्हणत आले आहेत की बर्तन देखना हो तो दक्षिणियों के घर का देखो. माझी आई चिंच आणि राख घेऊन तांब्याचा बंब असा घाशी की गल्लीतले लोक त्यात बघून भांग पाडत. सोवळं गेलं, पळी-पंचपात्र कपाटात गेलं, पोरं घरातसुद्धा हिंदी बोलायला लागली, पण ही घासण्याची घमेंड मात्र गेली नाही. ताप आला, घर घासा. पाहुणे आले, घर घासा. तळं हिरवं झालं, काय करायचं हे मला विचारायची गरजच नव्हती.

तळ्याच्या कडेला एक निळा ड्रम होता. एक छोटा पंप तळ्यातलं पाणी त्या ड्रममध्ये चढवी. ड्रममध्ये गोटे आणि स्पंजाच्या जाड चकत्या, त्यातून गाळून पाणी परत तळ्यात पडे. हे त्यांचं फिल्टर. मी झाकण उघडलं आणि मला शिसारी आली. गोट्यांवर, स्पंजावर, सगळीकडे भुरकट, बुळबुळीत थर. शिळ्या पेजेवर येतो तसा.

"हे बघा!" मी वकीलसाहेबांना ओरडून सांगितलं. "रोग इथे आहे! घाणीतून गाळता आणि म्हणता पाणी साफ का नाही!"

वकीलसाहेबांचा माळी शेजारी उभा होता. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, चंदौलीकडचा, घरी पोखर, म्हणजे माशांचं तळं असलेला माणूस. तो म्हणाला, "ई मैल रहे दीं, बाबूजी. पानी पुरान होला त मछरी खुस रहेला." हा मळ राहू द्या, पाणी जुनं झालं की मासे खुश असतात, असं तो सांगत होता.

"तुमने रेल्वे में नौकरी की है?" मी विचारलं.

"ना, बाबूजी."

"तो फिर."

दोन दिवस आम्ही ते केलं. मासे मागच्या हौदात सोडले. तळं उपसलं, पांढरं होईपर्यंत खरवडलं. गोटे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवले आणि काथ्याच्या घासणीनं एक एक घासला. मी स्वतः घासला, हे मला लक्षात ठेवायलाच हवं. स्पंज पिळून, धुऊन, गच्चीवर जेठाच्या उन्हात पापडांसारखे वाळत घातले. भिंतीपलीकडून बायकोनं पाहिलं आणि म्हणाली, "तीस वर्षांत घरची एक वाटी घासली नाहीत. त्या ड्रमनं काय नशीब काढलं हो!" मग तळं नळाच्या पाण्यानं भरलं, वर एक कलशभर गंगाजल ओतलं, मासे सोडले, पंप सुरू केला. पाणी लखलखलं. माईंनी काठावर बसून गोळी घातली. टिळेवाला आला. माई म्हणाल्या, "आता तुझं मला पोट दिसतंय रे." वकीलसाहेबांनी कचौरी-जलेबी मागवली. मी चार कचौऱ्या खाल्ल्या. सहा.

आणि पाचव्या दिवशी सकाळी मी गालावर साबण घेऊन उभा होतो आणि वकीलसाहेब विचारत होते, मग हे काय?

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे नुसतं खोटंसुद्धा नव्हतं. वकीलसाहेब माझ्याकडे बघत होते, माळी बघत होता. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, ड्रमकडे सोडून सगळीकडे बघितलं, आणि माझी नजर माईंच्या हातातल्या वाटीवर पडली.

"हे काय म्हणजे?" मी आवाज चढवला. "या गोळ्या! दुसरं काय? साहेब, हे जपानी मासे आहेत. यांना गव्हाचं पीठ म्हणजे विष. पोटात फुगतं. खाली पडतं ते सडतं. वरून पाणी दिसतं नितळ आणि आत जहर! रेल्वेत आम्ही बॉयलरजवळ कणकेचा डबासुद्धा नेऊ देत नसू!"

खरंच म्हणालो मी असं. बॉयलरचंही म्हणालो.

माईंनी वाटीकडे बघितलं. मग ती वाटी त्यांनी खाली ठेवली. भाजणारं भांडं ठेवतात तशी, पटकन आणि काठापासून लांब.

"माझ्या हातून?" त्या म्हणाल्या.

"आई, तुझी काय चूक? तुला काय ठाऊक होतं?" वकीलसाहेब म्हणाले. म्हणजे निकाल लागला. तो पुसणारा तिथे एकच माणूस होता आणि तो गालावरचा साबण पुसत होता.

टिळेवाला दुपारी गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सात गेले. माळ्यानं त्यांना कण्हेरीखाली पुरलं. माईंनी त्या दिवशी दुसऱ्यांदा अंघोळ केली. घरातलं माणूस गेल्यावर करतात तशी, डोक्यावरून.

तिसऱ्या दिवशी वकीलसाहेबांच्या ओळखीची एक मुलगी आली. विद्यापीठात माशांवर काहीतरी शिकत होती. वकीलसाहेब कचेरीत होते, माई आत झोपलेल्या. बागेत मी आणि माळी. मुलीनं पिशवीतून बोटभर काचेची नळी काढली, तीत तळ्याचं पाणी घेतलं, कसले तरी थेंब टाकले आणि थांबली. पाणी पिवळं झालं, मग हिरवं, मग गडद हिरवं.

"बाप रे," ती म्हणाली. "फिल्टर किसने धोया?"

माळी आभाळाकडे बघायला लागला. त्या दिवशी आभाळात काहीही नव्हतं.

"धोया, मतलब, सबने मिलके," मी म्हणालो.

"ब्लीचिंग से?"

"थोड़ा सा."

"धूप में सुखाया?"

"थोड़ा सा."

"अंकल," ती म्हणाली, अगदी प्रेमानं, लहान मुलाला सांगावं तसं, "वो जो भूरा-भूरा लगा था ना, वही तो ज़िंदा था."

मग तिनं समजावलं. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच सगळे विधी करतो. त्यातून एक विष तयार होतं, ते डोळ्यांना दिसत नाही. गोट्यांवरच्या त्या भुरकट थरात बारीक जीव राहतात, ते हे विष खाऊन टाकतात. तो थर बसायला महिने लागतात. तो मी ब्लीचिंगनं मारला, घासून काढला आणि उरलासुरला उन्हात वाळवला. हिरवं पाणी दिसायला वाईट होतं, पण मासे त्यात मजेत होते. नितळ पाण्यात ते पाच दिवस स्वतःच्याच विषात गुदमरत होते. तिनं विचारलं, पाणी सावलीत असतं की उन्हात? मी म्हणालो, उन्हात. "बस, एक छप्पर लगा देते," ती म्हणाली. जडपणावर एवढाच उपाय होता. एक छप्पर.

मी शेवटची काडी धरून बघितली. "और आटे की गोलियाँ? दादीजी रोज़ खिलाती हैं."

"कब से?"

"डेढ़ साल से."

"तो डेढ़ साल में कुछ हुआ क्या?" ती हसली. "ज़्यादा नहीं खिलाना चाहिए, पर इतने से कोई नहीं मरता."

माळ्यानं आभाळाकडे बघायचं सोडलं आणि माझ्याकडे बघितलं.

पुढचे तीन आठवडे मी जे कष्ट केले त्याबद्दल मला कुणी श्रेय देऊ नये, पण केले. रोज तळ्यातलं तिसरा हिस्सा पाणी काढायचं. नळाचं पाणी टबांत आदल्या दिवशी भरून ठेवायचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं, आणि ते घालायचं. माशांना काही दिवस उपास. मुलीनं विद्यापीठातल्या तिच्या टाकीतला एक जुना घाणेरडा स्पंज द्यायचं कबूल केलं, त्यातले जीव आमच्या ड्रममध्ये पसरावेत म्हणून. तो ओलाच राहायला हवा. मी रिक्षात बादली मांडीवर घेऊन बसलो, विद्यापीठाजवळच्या लंका मोहल्ल्यापासून घरापर्यंत. चौकात पानवाल्यानं आवाज दिला, "का हो गुरु, का लेके जात हउवा?" मी बादलीवर पंचा ओढला. त्या बादलीत एक काळपट स्पंज आणि घाण पाणी होतं, आणि माझ्या मुलीच्या लग्नातला सराफाचा डबासुद्धा मी इतका जपून आणला नव्हता.

चार मासे वाचले. गोट्यांवर पुन्हा भुरकट थर धरला. मी रोज झाकण उघडून तो बघत असे, कुणाच्या घरी दूध विरजलंय का बघावं तसा.

ती मुलगी वकीलसाहेबांना न भेटताच सुट्टीला आपल्या गावी गेली, आणि वकीलसाहेब मला म्हणाले, "भाऊ, चार तरी तुम्ही वाचवलेत." मी मान हलवली. एवढंच. तोंडानं काही बोललो नाही, पण मान कुठल्या दिशेनं हलते ते माणसाला ठाऊक असतं. माळी मात्र त्या दिवसापासून मला बाबूजी म्हणेनासा झाला. फाटकात दिसलो की हात जोडून म्हणे, "परनाम, इंजिन साहेब."

माई तळ्याकडे आल्याच नाहीत. स्टूल होतं तिथेच राहिलं, त्याच्यावर कण्हेरीची फुलं पडत. वकीलसाहेबांनी बाजारातून माशांचे दाणे आणले. "आई, हे तज्ज्ञांनी केलेले आहेत, हे घाल ना."

"नको. माळी घालतो ते बरं आहे," माई म्हणाल्या. "माझा हात नको आता."

मी भिंतीअलीकडे गुलाबाला पाणी घालत होतो. ऐकलं. गुलाबाला इतकं पाणी झालं की तो महिन्याभरात मेला.

तुम्ही म्हणाल, तेव्हा का नाही सांगितलंत? सांगणार होतो. रोज सांगणार होतो. पण पानाच्या दुकानावर ही गोष्ट आधीच गेली होती, आणि माझ्या गोष्टी एकदा तिथे गेल्या की त्यांना पाय फुटतात. सात मासे सत्तर झाले. माझी जीभ, गडद हिरवी नळी, बादली, सगळं त्यात आलं, फक्त धुतलेला ड्रम आला नाही. आणि गोळ्या! "एकेक गोली क्रिकेट के गेंद जितनी!" असं मी सांगे आणि म्हाताऱ्या माई काठावरून बॉलिंग करतात असा हात फिरवून दाखवी. लोक पोट धरून हसत. एकदा मागे वळून बघितलं तर वकीलसाहेब उभे. तेही हसत होते. त्यांना वाटलं असणार, शेजाऱ्याला एवढी तरी मोकळीक असायला हवी.

माळ्यानं सगळं माझ्या बायकोला सांगितलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. ती एका दुपारी ताट वाढताना म्हणाली, "सात मासे मेले ते मेले. चूक माणसाकडून होते. पण त्या म्हातारीला रोज का मारताय?" मी म्हणालो, "आमटी अळणी आहे." आमटी अळणी नव्हती.

संक्रांतीला आम्ही तिळगूळ द्यायला गेलो. माईंनी हातावर तिळगूळ घेतला, पण तोंडात टाकला नाही. "भाऊ," त्या म्हणाल्या, "एक विचारू? तुम्ही पाण्याचे जाणकार. घाटावर मी साठ वर्षं घातल्या गोळ्या. तेही मेले असतील का हो?"

बायको माझ्याकडे बघत होती.

"गंगा मोठी आहे, माई," मी म्हणालो. "तिच्यात सगळं चालतं."

म्हणजे मेले, पण चालतं. असाच अर्थ होतो ना त्याचा? मला घरी येऊन चपला काढताना कळलं. माईंना तिथल्या तिथे कळला असणार, त्या वकिलाची आई होत्या.

त्यानंतर आणखी दोन हिवाळे गेले. लिहिताना एका ओळीत जातात.

तिसऱ्या हिवाळ्यात पानाच्या दुकानावर एक नवा माणूस आला, बदली होऊन आलेला, बँकेतला. त्याला कुणीतरी म्हणालं, गुरु की मछलीवाली सुनो. मी सांगितली. रंगली. शेवटी त्यानं विचारलं, "और वो बुढ़िया? उसका क्या हुआ?" गोष्टीला शेवट हवा होता. मी मान खाली घातली, थोडा थांबलो आणि म्हणालो, "बेचारी उसी दुःख में चली गई."

कुणी हसलं नाही. चांगला शेवट होता.

मी पान तोंडात टाकून घरी आलो, आणि भिंतीपलीकडे माई उन्हात बसलेल्या होत्या. खुर्चीवर, पायांवर घोंगडी, दोन्ही हात शालीच्या आत. केसांतून ऊन दिसत होतं. पाठ तळ्याकडे. मी वीस मिनिटांपूर्वी त्यांना मारून आलो होतो आणि तोंडातला विडा अजून संपला नव्हता.

मी पान थुंकलं. फाटकातून आत गेलो. माळी कण्हेर छाटत होता, त्यानं हात जोडले नाहीत, नुसता बघत राहिला.

"माई," मी म्हणालो, "एक सांगायचं होतं. रेल्वेत असताना एकदा…"

माई वाट बघत राहिल्या. मला खरोखर रेल्वेपासूनच सुरुवात करायची होती. आसनसोल, टुंडला, बॉयलर, असा फेरा मारून ड्रमपर्यंत यायचं होतं, म्हणजे त्यांना ते लागणार नाही, आणि मला तर मुळीच नाही. पण पहिल्याच स्टेशनवर मी खाली उतरलो.

"रेल्वेत मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो," मी म्हणालो. "पाण्यातलं मला काही कळत नाही. मासे तुमच्या गोळ्यांनी मेले नाहीत. मी तो ड्रम धुतला म्हणून मेले. गोळ्यांनी कुणी मरत नाही. घाटावरचेही नाहीत. एकही नाही."

कात्रीचा आवाज थांबला होता.

"हे तुम्हाला कधी कळलं?" माईंनी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी. त्या मुलीनं सांगितलं."

माईंनी मान थोडी वळवली, तळ्याच्या बाजूला. छपराच्या सावलीत चारही मासे काठाशी आले होते. माणसाचा आवाज ऐकला की ते अजून येत असत.

"माई, उद्यापासून पुन्हा घाला," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, मला तो खाली आणता येईना. "मी स्टूल पुसून ठेवतो. कणीक मी भिजवून आणतो, बायकोकडून नाही, मी स्वतः. तुम्ही नुसत्या बसा आणि गोळ्या वळा."

माईंनी शालीतून हात बाहेर काढले आणि मांडीवर ठेवले.

"बोटं मिटत नाहीत आता माझी," त्या म्हणाल्या. "जाताना फाटक लावून जा. गाय आत येते."